ताण-प्रतिध्वनी-हृल्लेखन

ताण-प्रतिध्वनी-हृल्लेखन (स्ट्रेस एको) : हृदयावर व्यायामाचा किंवा औषधाचा ताण देऊन जवनिकांच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या) भिंतींची हालचाल श्राव्यातीत ध्वनीने (अल्ट्रासाउंडने) पाहण्याची तपासणी. ‘टू डी एको’ (विश्रांतीत घेतलेली हृदयाची द्विमितीय ध्वनिचित्रे) आणि पट्ट्यावर चालण्याची ‘टीएमटी’ यांचा हा मेळ होय. हृद्‌रोहिणीतील (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील) अडथळा हिच्यात थेट दिसत नाही. रक्त कमी पडलेल्या स्नायूचे वागणे दिसते.

या तपासणीचे मूळ तत्त्व ध्वनिचित्रणाहून जुने आहे. टेनंट व विगर्स या संशोधकांनी १९३५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले, की हृद्‌रोहिणी बंद करताच तिच्या क्षेत्रातील स्नायूचे आकुंचन लवकरच मंदावते. श्राव्यातीत ध्वनीने हृदय पाहण्याची सुरुवात स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर व हेल्मुथ हर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये केली. ताण व ध्वनिचित्रण या दोन्हींची सांगड प्रथम कोणी घातली याविषयी एकमत नाही. १९७० च्या सुमारास व्यायामानंतरची एकमितीय आलेखने झाली होती; मात्र त्यांत भिंतीचा एक अरुंद छेदच दिसे आणि रक्तपुरवठ्याची उणीव तर ठिकठिकाणी विखुरलेली असते. त्यामुळे वॉन, फायगेनबाउम व सहकाऱ्यांच्या १९७९ मधील द्विमितीय अभ्यासापासून आजच्या तपासणीचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तरी ती नित्य वापरात येण्यास विश्रांतीची व ताणाची चित्रे पडद्यावर शेजारीशेजारी फिरवून दाखवणारी संगणकीय सोय व्हावी लागली.

रक्त अपुरे पडू लागले, की आधी भिंतीची हालचाल बिघडते, नंतर विद्युत् हृल्लेख (ईसीजी) बदलतो आणि छातीतील वेदना बहुधा सर्वांत शेवटी येते. हा क्रम प्रत्येक रुग्णात तंतोतंत आढळेलच असे नाही, परंतु तपासणीची सारी भिस्त त्यावर आहे. वाचनासाठी डाव्या जवनिकेचे १६ किंवा १७ खंड पाडतात आणि प्रत्येकाला १ (प्राकृत) ते ४ (आकुंचनाच्या वेळी बाहेर फुगणारा) असे गुण देतात.

तपासणीपूर्वी सामान्यतः तीन-चार तास काही खाऊ नये. नाडीची गती रोखणारी बीटा-रोधक औषधे आधी थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनीच सांगावे. रुग्णाने ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. ताणासाठी डायपिरिडामोल (रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध) वापरायचे असल्यास चहा-कॉफीही आदल्या दिवसापासून वर्ज्य. सैल कपडे व चालण्याचे बूट असावेत.

प्रथम डाव्या कुशीवर झोपवून विश्रांतीची चित्रे घेतात. मग बहुधा ब्रूस पद्धतीने (टप्प्याटप्प्याने ताण वाढवत) रुग्णाला चालण्यासाठी पट्टा चालतो : पहिली तीन मिनिटे ताशी २·७ किमी., चढ १०%. दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढतो. २२० मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या ८५% नाडी गाठणे हे नेहमीचे लक्ष्य. हे सूत्र स्थूल आहे. समवयस्कांतही १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. पट्टा थांबताच रुग्णाने लगबगीने पुन्हा कुशीवर यावयाचे असते, कारण चित्रे ६० ते ९० सेकंदांत घ्यावी लागतात. नाडी उतरू लागली, की सौम्य दोष मावळतो. म्हणून दम लागलेला असतानाही श्वास रोखण्याची सूचना पाळणे महत्त्वाचे.

ज्यांना चालता येत नाही त्यांना शिरेतून डोब्युटामाइन (हृदयाचे आकुंचन व गती वाढवणारे औषध) देतात : दर मिनिटाला शरीरभाराच्या प्रतिकिलोग्रॅम ५ मायक्रोग्रॅमपासून ४० पर्यंत, नाडी पुरेशी न वाढल्यास नाडी वाढवणाऱ्या अ‍ॅट्रोपिनची जोड. धडधड व थरथर जाणवते. औषधाचे अर्धायुष्य सुमारे दोन मिनिटांचे असल्याने ती लवकर शमते. अल्प मात्रेत सुधारलेली आणि मोठ्या मात्रेत पुन्हा बिघडलेली भिंत स्नायू जिवंत पण रक्ताला भुकेला असल्याचे सुचवते. पीसा येथील पिकानो यांच्या गटाने डायपिरिडामोलचा पुरस्कार केला. चालू शकणाऱ्यास मात्र व्यायामच बरा, कारण तो किती वेळ चालला हेही रोगाविषयी बरेच सांगते.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, विश्रांतीतही छाती दुखणाऱ्या किंवा लक्षणे देणारी महारोहिणी-झडप (हृदयातून मुख्य धमनीत रक्त सोडणारी झडप) अतिअरुंद असलेल्या रुग्णात ही तपासणी टाळतात.