'शांतता आहे का?' : वेल्सच्या आयस्टेदवॉडची पार्श्वभूमी

ऑगस्टच्या सुरुवातीला वेल्समध्ये राष्ट्रीय आयस्टेदवॉड, म्हणजे वेल्श भाषेतल्या काव्याचा आणि संगीताचा उत्सव भरतो. एका वर्षी उत्तरेत, पुढच्या वर्षी दक्षिणेत. विजेत्या कवीला मानाच्या खुर्चीत बसवताना एक भलीमोठी तलवार म्यानातून अर्धीच उपसतात. 'आ ओइस हेदुख?' म्हणजे 'शांतता आहे का?' (गोंगाट नसण्याची नव्हे, युद्ध नसण्याची शांतता) असा प्रश्न तीनदा होतो आणि तिन्ही वेळा सारा मंडप 'हेदुख!' म्हणून गर्जतो. झगे, मुकुट, बाहेर दगडांचं रिंगण. हे सगळं रोमनांच्याही आधीचं असावं असं वाटतं. तसं ते नाही.

खुर्ची मात्र खरोखरच जुनी आहे. 'आयस्टेद' म्हणजे बसणे. आयस्टेदवॉड ही शब्दशः बैठकच. ११७६ च्या नाताळात र्‍हीस आप ग्रिफिद या राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची आणि वादकांची स्पर्धा लावली. दवंडी वर्षभर आधी पिटली होती आणि बक्षीस होतं प्रत्येकी एक खुर्ची. आजही उत्सवाची घोषणा किमान एक वर्ष आणि एक दिवस आधी होते.

झगे आणि रिंगण ही योलो मोर्गानुगची करामत. मूळ नाव एडवर्ड विल्यम्स, धंदा पाथरवटाचा, अफूच्या अर्काचं व्यसन आणि जुन्या वेल्श काव्याचा दांडगा व्यासंग. जुनी हस्तलिखितं जिथे अपुरी पडली तिथे त्याने स्वतः लिहून ती जुन्यांच्या नावावर खपवली, आणि इतकी बेमालूम की विसाव्या शतकापर्यंत विद्वान चकत राहिले. २१ जून १७९२ रोजी त्याने 'गोर्सेद' हा कवींचा दरबार पहिल्यांदा भरवला, तोही वेल्समध्ये नव्हे, लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर. १८१९ मध्ये कारमार्थनच्या एका खाणावळीच्या बागेत तो आयस्टेदवॉडला जोडला गेला. आजच्या झग्यांचा घाट तर त्याहून नवा: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्युबर्ट फॉन हर्कोमर या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराने तो ठरवला.

लबाडीच म्हणायची, पण ती वेल्श भाषेच्या कामी आली, कारण तेव्हा तिला मानाची गरज होती. १८४७ मध्ये वेल्श न येणाऱ्या तीन इंग्रज आयुक्तांनी शाळांचा अहवाल दिला आणि मागासलेपणाचं खापर भाषेवर फोडलं. त्याच्या मुखपृष्ठाच्या रंगावरून वेल्समध्ये आजही 'निळ्या पुस्तकांचा दगा' म्हणतात. गंमत अशी की १८६१ मध्ये अॅबरडेअरला राष्ट्रीय उत्सव सुरू झाल्यावर तिथेही इंग्रजीच मिरवू लागली. मंचावर फक्त वेल्श, हा नियम अमलात आला तो १९५० मध्ये, केअरफिलीला.

वर्षातले बाकीचे सण याच्या अवतीभवती आहेत. १३ जानेवारीला ग्वाउन खोऱ्यात अजून जुनं नववर्ष साजरं होतं, कारण १७५२ मध्ये पंचांग बदललं ते त्यांनी मनावर घेतलं नाही. १ मार्च हा संत डेव्हिडचा दिवस. कोटाला डॅफोडिल नाहीतर लीक, म्हणजे कांद्याच्या कुळातली भाजी. मेअखेरीस उर्द या युवा संघटनेचा मुलांसाठीचा आयस्टेदवॉड. जुलैत लँगॉलेनचा आंतरराष्ट्रीय उत्सव, जो १९४७ मध्ये महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना सुरू झाला.

पण वेल्श माणूस खुर्चीची गोष्ट सांगतो तेव्हा ती १९१७ ची असते. त्या वर्षी उत्सव इंग्लंडमधल्या बर्कनहेडला होता. विजेत्याचं टोपणनाव पुकारलं गेलं. कुणीच उठलं नाही. हा कवी म्हणजे त्राउस्व्हनिदचा मेंढपाळ एलिस इव्हान्स. ३१ जुलैला, पहिल्या महायुद्धातल्या पाशेंडेलच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो मारला गेला होता. त्याचं काव्यनाम हेद विन, त्यातला 'हेद' म्हणजे शांतताच. खुर्चीवर काळं कापड पांघरलं गेलं. ती कोरली होती युद्धामुळे परागंदा झालेल्या एका बेल्जियन कारागिराने. आज ती एलिसच्या 'अर इस्गुर्न' या शेतघरात आहे.