ग्रेड एकच, मग एमए२ आणि एमबीमध्ये फरक कसला?

ऑइलच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या. दोन्हींवर ठळक अक्षरांत १०डब्ल्यू-३०, दोन्ही फोर-स्ट्रोक दुचाकीच्या, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) दर्जाही तोच. एक मोटारसायकलची, दुसरी स्कूटरची. घरात दोन्ही गाड्या असतील तर एकच बाटली दोघींना का चालू नये, हा प्रश्न रास्तच आहे. उत्तर बाटलीच्या मागच्या बाजूला एका छोट्या चौकटीत असतं: जासो एमए२ किंवा जासो एमबी. जासो म्हणजे वाहनांची मानकं ठरवणारी जपानी संस्था.

१०डब्ल्यू-३० हा आकडा फक्त दाटपणा सांगतो. थंडीत ऑइल किती वाहतं आणि १०० अंश सेल्सिअसला किती पातळ होतं, एवढंच. ते किती निसरडं आहे हे त्यातून कळत नाही, आणि मोटारसायकलचं सगळं गणित तिथेच अडतं.

बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. क्लचमध्ये घर्षणाचं अस्तर असलेल्या प्लेटा आणि साध्या स्टीलच्या प्लेटा एकाआड एक बसवलेल्या असतात, स्प्रिंग त्यांना दाबून धरतात आणि हा सगळा गठ्ठा ऑइलमध्ये भिजलेला असतो. या ओल्या प्लेटांची एकमेकींवरची पकड टिकली, तरच इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते. म्हणजे ऑइलने पिस्टन, बेअरिंग निसरडी ठेवायची, पण प्लेटांची पकड सोडवायची नाही.

ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये ही अडचणच नाही. तिथे बेल्ट आणि व्हेरिएटर (वेगाप्रमाणे गिअरचं प्रमाण आपोआप बदलणारी पुली) असतो, क्लच मागच्या चाकापाशी कोरडा फिरतो, चाकाजवळच्या गिअरना वेगळं गिअर ऑइल असतं. इंजिन ऑइल क्लचपर्यंत पोचतच नाही. मग ते जितकं निसरडं, तितका मायलेजला फायदा. म्हणून एमबी ऑइलचं घर्षण मुद्दाम कमी ठेवतात. एमबी हलकं ऑइल आहे असं सरसकट बोललं जातं, ते खरं नाही. त्याचं काम वेगळं आहे.

ओल्या क्लचसाठी एमए आणि कमी घर्षणाचं एमबी, ही वर्गवारी जपानमध्ये १९९८ साली ठरली. मायलेजसाठी कारची ऑइलं घर्षण कमी करणारी होत गेली आणि तीच मोटारसायकलमध्ये ओतली की क्लच घसरण्याची भीती होती. २००६ साली एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. यात एमए२ ची पकड सर्वांत जास्त.

अदलाबदल झाली तर? स्कूटरमध्ये, ग्रेड बरोबर असेल तर, एमए२ गेल्याने काही बिघडत नाही. झालाच तर मायलेजमध्ये किंचित फरक. उलट मोटारसायकलमध्ये एमबी गेलं, तर चढावर, मागे माणूस बसलेला असताना, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा झपकन वर जातो आणि गाडी मात्र आहे त्याच वेगाने जात राहते. फार ताणलं तर जळका वास येतो. सपाट रस्त्यावर एकट्याने चालवताना हे कदाचित जाणवणारही नाही, म्हणून तर ते फसवं.

अर्थात क्लच घसरला म्हणजे दोष ऑइलचाच, असंही नाही. आधी क्लच लिव्हरचा फ्री प्ले, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची लिव्हरची सैल हालचाल, बघा. केबल फार ताणलेली असेल तर प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. सिंथेटिक ऑइलने क्लच घसरतो, हा समजही सोडून द्यावा. सिंथेटिक की मिनरल हा मूळ तेलाचा प्रश्न. पकड ठरते त्यात घातलेल्या रसायनांवरून. एमए२ दर्जाची सिंथेटिक ऑइलं सर्रास मिळतात.

चुकून एमबी भरलंच, तर गाडी गरम असताना ते पूर्ण काढून एमए२ भरायचं. लवकर लक्षात आलं तर बहुधा एवढ्यावर भागतं. प्लेटा जळून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर बदलाव्याच लागतात.

एक जागा मात्र हमखास चुकवते. गिअर पायाने टाकायचे पण हाताशी क्लच लिव्हर नाही, अशा स्टेप-थ्रू गाड्या दिसायला स्कूटरसारख्या असतात. पण आत क्लच आहे, आणि तो साधारणपणे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. तिथे एमबी नको. मॅन्युअलमध्ये बहुधा एमएच लिहिलेलं सापडेल.