फ्लॅशबॅक आणि दुसरा काळ: जुन्या घराच्या कादंबरीत होणारी एक गल्लत

‘सारखी मागे-पुढे जाते, फ्लॅशबॅक फार आहेत.’ एखाद्या जुन्या घराभोवती फिरणाऱ्या, दोन-तीन काळांत पसरलेल्या गॉथिक (म्हणजे जुनी वास्तू, दडलेली गुपितं आणि भीतीचं सावट असलेल्या) रहस्यकादंबरीबद्दल विचारलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. गंमत म्हणजे अशा कादंबरीत बऱ्याचदा एकही फ्लॅशबॅक नसतो. एक प्रकरण आजचं, पुढचं दीडशे वर्षांपूर्वीचं, मग पुन्हा आजचं अशी तिची वीण असते. गोष्ट भूतकाळात जाते हे खरं, पण तिला तिथे कोण घेऊन जातं हा खरा प्रश्न आहे. कुणाची तरी आठवण घेऊन जात असेल तर तो फ्लॅशबॅक. कुणीच नेत नसेल आणि तो काळ आपला आपणच चालू असेल, तर तो कादंबरीचा दुसरा काळ.

हे नुसतं सांगून पटत नाही. एक खिडकी घेऊ.

इंग्लंडमधलं एक दगडी घर आहे. बाहेर अंगणात उभं राहून मोजलं तर वरच्या मजल्यावर सात खिडक्यांच्या चौकटी दिसतात, पण आत जाऊन मोजल्या तर सहाच. सातव्या चौकटीत काचेऐवजी विटा आहेत आणि आतल्या बाजूला सपाट गिलावा.

पहिली पद्धत अशी. घराची म्हातारी मालकीण शेकोटीपाशी बसली आहे. कुणीतरी त्या सातव्या खिडकीचा विषय काढतं आणि तिला सात वर्षांची ती स्वतः आठवते. ओल्या चुन्याचा वास, विटेवर थापी आपटल्याचा आवाज, गवंड्याचे चिखलाने माखलेले बूट, आणि ‘त्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही’ असं बजावणारे वडील. हा फ्लॅशबॅक. त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर म्हातारीचा शिक्का आहे. मुलगी बुटांइतक्या उंचीवरून बघत होती, म्हणून आपल्यालाही बूटच दिसतात. खोलीच्या आत काय होतं ते तिने पाहिलेलं नाही, म्हणून आपणही पाहू शकत नाही. ती विसरली असेल, खोटं बोलत असेल, पुढे कुणी सांगितलेलं स्वतःचं म्हणून आठवत असेल. आठवण संपली की आपण मुकाट शेकोटीपाशी परत येतो.

दुसऱ्या पद्धतीत म्हातारी नाहीच. आज एक बाई त्या घराच्या सामानाची यादी करायला आली आहे. बुजवलेली खिडकी बघून ती सोबतच्या माणसाला विचारते. तो सहज म्हणतो, ‘खिडकी-करामुळे असेल.’ उत्तर अगदी पटण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांच्या संख्येवर कर होता आणि तो वाचवायला लोक खिडक्या खरोखर विटांनी बुजवत. ती वहीत ‘खिडकी-कर’ असं लिहून पुढच्या खोलीत जाते. प्रकरण संपतं. पान उलटलं की वर लिहिलेलं असतं: मार्च १८६३. गवंडी जिना चढतो आहे. खोलीत कोण आहे ते आपल्याला दिसतं.

चौकस वाचक इथे थबकतो, कारण खिडकी-कर १८५१ साली रद्द झाला होता. मग १८६३ मध्ये खिडकी कशासाठी बुजवली?

आजच्या बाईला हा प्रश्न पडलेला नाही. आपल्याला पडला आहे. दुसऱ्या काळाचं सगळं बळ इथे आहे, वाचक शोध घेणाऱ्या पात्राच्या पुढे गेला. हे फ्लॅशबॅकला सहसा जमत नाही, कारण तिथे आपण आठवणाऱ्याचं बोट धरून चालत असतो. त्याला जेवढं ठाऊक, फार तर तेवढंच आपल्याला. दुसऱ्या काळात आपण दोन्हीकडे हजर असतो आणि पात्रं मात्र एकेकाच काळात अडकलेली. १८६३ मधल्या गवंड्याला यादी करणाऱ्या बाईचा पत्ता नाही, बाईला गवंड्याचा नाही. दोघांना जोडणारी एकच वस्तू आहे, ती विटांची चौकट. म्हणून अशा कादंबरीला घर लागतं. माणसं मरतात, घरं विकली जातात, पण भिंत जागेवर राहते. तिला काही आठवत नसतं, तिच्यात फक्त उरलेलं असतं.

आता प्रसिद्ध उदाहरणांना ही कसोटी लावली की काही धक्के बसतात. डॅफ्नी द्यू मोरिए यांची ‘रेबेका’ (१९३८) बरेच वाचक बेलाशक दोन काळांच्या यादीत टाकतात. ती त्यात बसत नाही. कादंबरी सुरू होते तीच स्वप्नाने, आणि त्या स्वप्नातलं घर तोवर गेलेलं आहे. पुढचं सगळं त्या निनावी निवेदिकेची आठवण, म्हणजे जवळजवळ पुस्तकभर लांबीचा एकच फ्लॅशबॅक. रेबेकाचा स्वतःचा काळ एकदाही उघडत नाही. ती आपल्याला भेटते हस्ताक्षरातून, घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईच्या बोलण्यातून आणि शेवटी नवऱ्याच्या कबुलीतून. समजा मधेच एक प्रकरण रेबेकाच्या काळातलं आलं असतं आणि ती आरशासमोर केस विंचरताना दिसली असती, तर कादंबरी तिथेच बसली असती. जिची दहशत वाटते ती बाई पानावर येऊन बोलायला लागली की माणूस होते. दुसरा काळ ही वरची पायरी आणि फ्लॅशबॅक ही खालची असं काही नाही, हे यावरून दिसतं. न दिसण्यावर जिची भिस्त आहे त्या गोष्टीला फ्लॅशबॅकच हवा.

एमिली ब्राँटे यांच्या ‘वदरिंग हाइट्स’चं (१८४७) प्रकरण जरा गुंत्याचं आहे. सुरुवात १८०१ मध्ये होते, दारावर १५०० साल कोरलेलं आहे, एका जुन्या पुस्तकाच्या समासात मृत मुलीने खरडलेली रोजनिशी सापडते. दुसऱ्या काळाची सगळी सामग्री मांडून ठेवलेली. पण मधली बहुतेक हकीकत घरकाम पाहणारी नेली भाडेकरूला सांगते. ती त्या सगळ्यात हजर होती, तिने बाजू घेतल्या आहेत, आणि तिचं काय चुकलं हे ती फारसं सांगत नाही. याला मी सांगितलेली गोष्ट म्हणेन. फ्लॅशबॅकची सख्खी बहीण. इथेही भूतकाळ कुणाच्या तरी तोंडून येतो, आपला आपण येत नाही.

खरं तर गॉथिक कादंबरीला दोन काळांची सवय जन्मापासूनची आहे. होरेस वॉलपोल यांची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ १७६४ च्या डिसेंबरात निघाली तेव्हा लेखकाने स्वतःचं नाव घातलं नव्हतं. प्रस्तावनेत थाप मारली होती: हे पुस्तक उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलं, ते १५२९ साली नेपल्समध्ये छापलेलं आहे, आणि गोष्ट त्याहून कितीतरी जुनी, धर्मयुद्धांच्या काळातली असावी. म्हणजे घटना एका काळातली, छपाई दुसऱ्या, सापडणं तिसऱ्या. पुस्तक खपल्यावर दुसऱ्या आवृत्तीत वॉलपोल यांनी ते आपलंच असल्याचं कबूल केलं आणि शीर्षकाखाली ‘गॉथिक कथा’ असं घातलं. या प्रकाराला नाव मिळालं ते असं. सापडलेलं हस्तलिखित ही त्यानंतर इतकी चलनी युक्ती झाली की जेन ऑस्टेन यांनी ‘नॉर्दँगर ॲबी’मध्ये तिची चांगलीच टिंगल केली. नायिकेला वादळी रात्री जुन्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, ती भीतीने अर्धमेली होते. सकाळी बघते तर धुलाईची बिलं!

त्या बिलांची आठवण आजच्या लेखकांनी ठेवायला हवी, कारण फ्लॅशबॅक आणि दुसरा काळ यांची सर्वात वाईट सरमिसळ होते ती सापडलेल्या रोजनिशीत. नायिकेला माळ्यावर वही मिळते, ती वाचायला लागते, आणि वहीत काय, तर चार पानांचे संवाद, कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं, वाक्याच्या मध्येच कुणी चहाचा घोट घेतला. रोजनिशी अशी कोण लिहितं? ज्या मुलीचा जीव धोक्यात आहे ती तर मुळीच नाही. लेखकाला हवा असतो दुसरा काळ, पण सरळ साल टाकून तिथे जायचा धीर होत नाही, म्हणून तो कागदाचा आडोसा घेतो. खरा कागद त्रोटक असतो, आणि त्रोटकपणातच त्याचा उपयोग आहे.

कागद कसा फसवतो याचं एक नामी उदाहरण इंग्लंडच्या पंचांगात आहे. १७५२ पर्यंत तिथे कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. आता चर्चच्या नोंदवहीत एका जोडप्याचं लग्न मे १७४९ मधलं आहे आणि त्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७४९ मधला. आजचा संशोधक चमकतो: मूल लग्नाआधीचं! तो त्यावर एक सबंध कौटुंबिक पाप रचतो. प्रत्यक्षात त्या वहीतला फेब्रुवारी मे महिन्याच्या नंतर येतो. आपल्या हिशेबाने तो १७५० चा, लग्नानंतर बरोबर नऊ महिन्यांनी. पाप वगैरे काही नाही. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेतही असाच सापळा आहे. पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिली जात, म्हणजे चोवीस वर्षांची मोलकरीण कागदावर वीस. शिवाय कोण कुणाचं काय लागतं हा रकानाच नव्हता, तो १८५१ मध्ये आला. एका छपराखाली राहणारी मुलगी मालकाची लेक की भाची की आणखी कुणी, हे १८४१ चा तक्ता सांगत नाही.

दुसरा काळ हाताशी असलेल्या लेखकासाठी हे घबाड आहे. आजच्या प्रकरणात संशोधक तक्ता चुकीचा वाचतो, जुन्या प्रकरणात आपण ती मुलगी कोण ते बघतो, आणि दोन्हींमधलं अंतर म्हणजेच रहस्य. फ्लॅशबॅकमध्ये अशी चूक रंगवता येत नाही. तिथे चूक होते ती स्मृतीची. कागद चुकीचा वाचला जाणं आणि माणसाने चुकीचं आठवणं या दोन निराळ्या चुका आहेत. पहिलीत दोष कुणाचाच नसतो, दुसरीत बहुधा आठवणाऱ्याचं काही दडलेलं असतं. संशय कुणावर घ्यायचा हेही मग त्यावरून ठरतं. फ्लॅशबॅक वाचताना सांगणाऱ्यावर, दुसरा काळ वाचताना दोन काळांचा सांधा जोडणाऱ्यावर.

सांधा फार गुळगुळीत झाला तरी वैताग येतो, हेही सांगून टाकतो. आजचं प्रकरण ‘तिने लॉकेट उघडलं’ यावर संपलं की जुनं प्रकरण ‘त्याने लॉकेट मिटलं’ यावर सुरू. एकदा छान वाटतं, पाचव्यांदा शिवणयंत्र चालल्यासारखं. आणि अशा बहुतेक कादंबऱ्यांत आजचा काळ लंगडा असतो. जुन्या काळात मृत्यू, वारसा, कोंडलेली बाई. आजच्या काळात कुणीतरी नोकरी सोडून, मन मोडून त्या घरात राहायला आलेलं. मग वाचक आजची प्रकरणं भराभर चाळतो. तिसरा काळ आला तर हे थोडं सावरतं, कारण मधल्या पिढीला काम मिळतं. पहिल्या काळात घडतं, तिसऱ्यात सापडतं, आणि मधल्यात कुणीतरी ते लपवलेलं असतं. पत्रं जाळणारी सून, गिलाव्यावर नवा कागद चिकटवणारा मुलगा. गुन्हा न करता तो सांभाळणारी ही माणसं मला कित्येकदा मूळ गुन्हेगारापेक्षा वाचनीय वाटतात.

फ्लॅशबॅक आणि दुसरा काळ यांतला फरक एका पानात बघायचा असेल तर ए. एस. बायट यांच्या ‘पझेशन’चं (१९९०) अखेरचं पान बघावं. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं, पुढे शेवट फुटतो. तिथे घरापेक्षा पत्रं महत्त्वाची आहेत, पण यंत्रणा तीच. आजचे संशोधक व्हिक्टोरियन काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या एका कवीचं गुपित उकलतात, पुरावे जुळवतात, आणि आपल्या मुलीबद्दल त्या कवीला कधी कळलंच नाही असं मानून मोकळे होतात. त्यानंतर एक छोटं उपसंहाराचं प्रकरण येतं, साल १८६८. कुरणात एक लहान मुलगी खेळते आहे आणि तो कवी तिला भेटतो. तिच्यासाठी फुलांचा मुकुट गुंफतो, तिच्या केसांची एक बट मागून घेतो, आणि घरी सांगायला एक निरोप देतो. वाटेत तिला भाऊ भेटतात, मस्ती होते, मुकुट तुटतो आणि निरोप द्यायचं ती विसरते. संशोधकांपर्यंत यातलं काही पोचलेलं नाही, पोचायला वाटही नाही, कारण ज्या एकटीला आठवायचं होतं तीच विसरली.