संरक्षणाची जबाबदारी : स्वीकारानंतरचा अर्थाचा वाद

नरसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून आपल्या लोकांचे रक्षण करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्यात राज्य उघड अपयशी ठरत असेल, तर इतर राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेमार्फत पुढे यावे, असा हा आंतरराष्ट्रीय संकेत. रवांडातील नरसंहार (१९९४) आणि कोसोव्होतील ‘नाटो’चा हस्तक्षेप (१९९९) यांनंतर कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने तो २००१ मध्ये मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या २००५ च्या जागतिक शिखर परिषदेने तो आपल्या निष्कर्षपत्राच्या परिच्छेद १३८ व १३९ मध्ये स्वीकारला, पण बराच सौम्य करून. नकाराधिकार आवरता घेण्याची आयोगाची सूचना गळाली आणि निर्णय ‘प्रकरणनिहाय’ घेण्याची मुभा आली. सर्वांची सहमती मिळाली ती या सैलपणामुळेच. वादाची बीजेही तिथेच पेरली गेली.

२००८ मध्ये म्यानमारमधील नर्गिस चक्रीवादळानंतर फ्रान्सने या संकेताचा हवाला दिला, तेव्हा नैसर्गिक आपत्ती त्यात बसत नाही, असा आक्षेप आला. त्याच वर्षी रशियाने जॉर्जियातील लष्करी कारवाईसाठी हीच भाषा वापरली.

खरा कस लागला तो लीबियात. सुरक्षा परिषदेच्या १७ मार्च २०११ च्या ठराव १९७३ ने नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्यास परवानगी दिली. परकीय सैन्याचा ताबा मात्र वर्ज्य ठेवला. मतदान १० विरुद्ध शून्य. भारत, ब्राझील, चीन, रशिया व जर्मनी तटस्थ. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांच्या दूताचा अहवाल हाती येण्याआधीच ठराव होत असल्याची भारताची तक्रार होती. ‘नाटो’ची मोहीम ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली, तोवर लीबियाचा हुकूमशहा गद्दाफी मारला गेला होता. पाश्चात्त्य देशांच्या लेखी हे नागरिकांचे रक्षणच. टीकाकारांच्या लेखी रक्षणाच्या नावाखाली सत्तापालट. ठरावातला एक शब्दही बदललेला नव्हता.

आंत्ये वीनर यांच्यासारखे अभ्यासक असा वाद संकेताच्या वाटचालीचाच भाग मानतात. इतर काही अभ्यासक संकेत कुठे लागू होतो याबद्दलचा वाद आणि तो मुळात ग्राह्य आहे का हा वाद, असा भेद करतात. लीबियावरचा वाद मुख्यतः पहिल्या प्रकारचा. ब्राझीलने नोव्हेंबर २०११ मध्ये मांडलेली ‘संरक्षण करतानाची जबाबदारी’ त्याच धर्तीची होती : बळाचा वापर शेवटचा उपाय असावा आणि परवानगी मिळालेल्यांवर परिषदेची देखरेख असावी.

त्याआधीच, ४ ऑक्टोबर २०११ रोजी, सीरियावरील ठराव रशिया व चीनने नकाराधिकार वापरून अडवला होता. मसुद्यात लष्करी कारवाईची तरतूद नव्हती. तरीही रशियाच्या प्रतिनिधीने लीबियाच्या अनुभवाकडे बोट दाखवले.