खेकडा खरंच पाय ओढतो का?

बागायतदारांची सोसायटी मोडली, वाडीच्या रस्त्याला कुणी चार फूट जागा सोडली नाही, भावाने सामायिक घराची कौलं परतू दिली नाहीत, की कोकणात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘खेकड्याची जात आपली!’ मग ती गोष्ट येतेच. आपल्या खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढला की बाकीचे त्याला खाली खेचतात. मला ही गोष्ट मनापासून खटकते. तिच्यात माणसांवर अन्याय आहे आणि खेकड्यांवरही.

खेकड्याच्या चालायच्या पायांची टोकं अणकुचीदार असतात. कातळाच्या खाचेत, खारफुटीच्या मुळांत ती अडकवत तो चढतो. गुळगुळीत बादलीत अडकवायला जागाच नसते, असतो तो फक्त शेजारचा खेकडा. खालचा त्यालाच धरून वर येऊ बघतो आणि दोघेही कोसळतात. यात मत्सर शोधायची गरज नाही. खेकडे गरीब असतात असं मात्र मुळीच नाही. कुर्ल्या एकमेकींना खातात. नुकतीच कात टाकलेली मऊ कुर्ली तर हमखास बळी पडते. म्हणून तर बाजारात त्यांचे डेंगे बांधलेले असतात. खेकडापालन करणारे तळ्यात पाइपाचे तुकडे, कौलं टाकतात. लपायला आडोसा मिळाला की मारामाऱ्या कमी होतात. खेकडे तेच, जागा बदलली.

ओहोटीला खाडीच्या चिखलावर एकच डेंगा भलामोठा असलेले इवलेसे नर दिसतात. त्यांच्या ऑस्ट्रेलियातल्या एका भाऊबंदावर पॅट्रिशिया बॅकवेल आणि मायकेल जेनियन्स यांनी केलेला अभ्यास २००४ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. परका नर बीळ बळकावायला आला, तर कधी कधी शेजारचा मोठा नर स्वतःचं बीळ सोडून लहान शेजाऱ्याच्या बाजूने लढतो. हे औदार्य नव्हे. ओळखीच्या लहान शेजाऱ्याशी हद्दीचा तंटा मिटलेला असतो. नवा दांडगा शेजारी आला तर तो पुन्हा उकरला जाणार.

याहून सुंदर प्रकार शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा. त्यांचं पोट मऊ असतं, म्हणून ते मेलेल्या गोगलगायींचे शंख पांघरतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. एक मोठा शंख रिकामा मिळाला की त्यात शिरणारा आपला जुना शंख मागे सोडतो, तो त्याहून लहान खेकडा घेतो, त्याचा आणखी लहान. काही वेळा ते आकाराप्रमाणे चक्क रांग लावून थांबतात. एका रिकाम्या घरातून अनेकांची सोय होते. गंमत म्हणजे ही कल्पना आधी माणसांवरून सुचली. हॅरिसन व्हाइट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने पाद्र्यांच्या बदल्या अभ्यासून १९७० मध्ये रिकाम्या जागांच्या साखळ्यांचा सिद्धान्त मांडला, आणि पुढे आयव्हन चेस या समाजशास्त्रज्ञाने तो खेकड्यांना लावून पाहिला. प्राण्यांकडून उपमा घ्यायची तर अशी घ्यावी: तिने प्रश्न विचारता यावा, निकाल देऊ नये.

त्या नजरेने आपल्याकडे पाहू. गिरणगावातल्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या. एकाच खोलीत गावची माणसं पाळीपाळीने झोपत, आधी आलेला नंतरच्याला गिरणीत चिकटवी, त्याची सोय लागली की त्याची वळकटी ठेवायची जागा पुढच्याला मिळे. पाय ओढणारी म्हणून हिणवलेली माणसं ती हीच.

आणि गावी? सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावं तशीच, हिस्से कधी पडलेलेच नाहीत, वारस मुंबईपासून बडोद्यापर्यंत पांगलेले. अशा घराला एकाने हात लावला की दुसऱ्याला आपला हक्क बुडाल्याची भीती वाटते, आणि कागद पाहता ती खोटीही नसते. म्हणून तो अडवतो. त्याला खेकडा म्हणून मोकळं होण्याआधी वारसनोंद, मोजणी आणि वाटप एवढी कामं तरी हातात घेता येतील.