ओला कचरा, घंटागाडी आणि रस्त्यावरची धूळ: नाशिकच्या ऊर्जेचा हिशेब

नाशिक महानगरपालिकेत कचरा घनकचरा व्यवस्थापन विभागाकडे असतो, रस्त्यावरचे दिवे विद्युत विभागाकडे, रस्ते बांधकाम विभागाकडे आणि शहर बससेवा एका स्वतंत्र महामंडळाकडे. कारभाराच्या सोयीसाठी अशी वाटणी लागतेच. मात्र सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या एखाद्या गल्लीत सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, तर या सगळ्या विभागांचे काम एकाच हवेत मिसळताना दिसते. घंटागाडीचे इंजिन सुरूच असते, सफाई कर्मचाऱ्याच्या खराट्याने धूळ उठत असते आणि कोपऱ्यावर कुणीतरी पालापाचोळ्याचा ढीग पेटवलेला असतो. शहर कोणती ऊर्जा कशासाठी वापरते आणि त्याच्या गल्ल्या किती स्वच्छ राहतात, हे प्रश्न एकमेकांत असे गुंतलेले आहेत. या गुंत्याचे टोक घरातल्या ओल्या कचऱ्यात सापडते, असे माझे ठाम मत आहे.

भाजीची देठे, उरलेला भात, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत वनस्पतींनी साठवलेली सूर्याची ऊर्जा अजून शिल्लक असते. ती मिळवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जाळणे, असे अनेकांना वाटते. पण आपल्याकडच्या ओल्या कचऱ्याला तो मार्ग मानवत नाही. या कचऱ्यात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. एक किलो कचरा घेतला, तर त्यातल्या पाव किलो कोरड्या भागापासून साधारण सव्वाचार मेगाज्यूल उष्णता मिळेल, आणि त्यातली जवळपास दोन मेगाज्यूल पाऊण किलो पाण्याची वाफ करण्यातच खर्च होईल. उरलेल्या उष्णतेवर भट्टी धड पेटतीही राहत नाही, तिला बाहेरचे इंधन पुरवावे लागते. म्हणून ओल्या कचऱ्यासाठी जाळण्याऐवजी कुजवण्याचा मार्ग शहाणपणाचा ठरतो, आणि तोही हवा पूर्णपणे बंद ठेवून.

नाशिकने हा मार्ग प्रत्यक्ष वापरून पाहिला आहे. जर्मन सरकारच्या साहाय्याने आणि ‘जीआयझेड’ या जर्मन संस्थेच्या तांत्रिक मदतीने पाथर्डी-विल्होळी परिसरात उभारलेला कचऱ्यापासून वीजनिर्मितीचा प्रकल्प 2017 च्या अखेरीस सुरू झाला. हॉटेलांतील उरलेले अन्न व भाजीपाला आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतील मैला असे दोन प्रकारचे खाद्य एकत्र कुजवणे, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याची रचना रोज सुमारे 30 टन मिश्रण पचवून दिवसाला 3,300 युनिटांच्या आसपास वीज देण्याच्या हिशेबाने केलेली आहे.

मैला आणि अन्न एकत्र का करायचे, हे समजण्यासाठी बंद टाकीत काय घडते ते पाहावे लागेल. तेथे एकाच जातीचे जिवाणू काम करत नाहीत. पहिला गट पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे तुकडे करतो, दुसरा त्या तुकड्यांपासून आम्ले तयार करतो, तिसरा ती आम्ले साध्या ॲसिटिक आम्लापर्यंत आणतो आणि शेवटचा गट त्यापासून मिथेन वायू बनवतो. शेवटचे हे सूक्ष्मजीव सर्वांत संथ आणि सर्वांत नाजूक असतात. त्यांना 35 ते 38 अंश सेल्सिअस तापमान आणि सातच्या आसपासचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) लागतो. निव्वळ उष्टे-खरकटे अन्न टाकले, तर पहिले गट इतक्या वेगाने आम्ल तयार करतात की मिथेन बनवणाऱ्यांना ते संपवता येत नाही. टाकी आंबते आणि वायू बंद पडतो. मैल्यात नायट्रोजन भरपूर असतो, आणि त्यातून सुटणारा अमोनिया आम्लाचा जोर थोपवतो. ज्या दोन गोष्टींनी शहराचे नाक आणि नदी दोन्ही त्रस्त होतात, त्या एकत्र आल्यावर एकमेकींची उणीव भरून काढतात, हे मला या प्रकल्पाचे सर्वांत सुंदर अंग वाटते.

टाकीतून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये 55 ते 65 टक्के मिथेन असतो आणि एक घनमीटर बायोगॅसपासून जनित्रावर साधारण दोन युनिट वीज मिळते. हाच कचरा उघड्या ढिगात पडून राहिला, तरी ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नसल्याने मिथेन तयार होतोच, फक्त तो थेट आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले, तर मिथेनची उष्णता अडवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे. कचऱ्याच्या डोंगरांना उन्हाळ्यात आगी लागतात, त्यांनाही हा वायू हातभार लावतो.

अशा प्रकल्पाचे सर्वांत मोठे दुखणे यंत्रांत नसते, ते खाद्यात असते. टाकीत जाण्याआधी कचरा निवडण्याच्या पट्ट्यावर काय काय हाती लागते, ते पाहण्यासारखे आहे: दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, प्लास्टिकचे चमचे, हारांची दोरी, शाम्पूच्या पुड्या, कधी अख्खा पेला. सूक्ष्मजीवांना यातले काहीच पचत नाही. दोरी मिसळणीच्या पात्यांभोवती गुंडाळली जाते, प्लास्टिक वर तरंगून जाड थर धरते आणि वाळू-माती तळाशी बसून टाकीची जागा खाते. घरगुती कचऱ्यापेक्षा हॉटेलांचा कचरा अशा प्रकल्पांना सोयीचा पडतो, कारण तो मोजक्या ठिकाणांहून आणि बऱ्यापैकी वेगळा मिळतो. घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 प्रमाणे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरीच वेगळे करणे बंधनकारक झाले. नव्वदच्या दशकात घंटागाडीचा प्रयोग करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत नाशिकची गणना होते. दारात गाडी येण्याची सवय या शहराला जुनी आहे. तरीही एकाच बादलीत सगळे ओतणारी घरे अजून आहेत. त्या एका बादलीमुळे शेजारच्या दहा घरांनी निगुतीने वेगळा केलेला कचराही गाडीत बिघडतो. म्हणून दारातले वर्गीकरण हा महापालिकेचा सर्वांत स्वस्त ऊर्जा प्रकल्प आहे, असे मी मानतो.

मिळालेल्या विजेचे मोल ती कशावर खर्च होते यावर ठरते. सत्तर वॅटचा एलईडी पथदिवा रात्री अकरा तास चालला, तर त्याला पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते; म्हणजे 3,300 युनिटांत, प्रकल्पाचा स्वतःचा वापर बाजूला ठेवला तर, चार हजारांहून अधिक दिवे उजळू शकतात. तेवढ्याच विजेवर जुने 150 वॅटचे सोडियमचे दिवे त्यांच्या चोकसह दोन हजारही चालले नसते. सोडियमचा दिवा प्रकाश चहूकडे फेकतो आणि त्यातला बराचसा परावर्तकात किंवा आकाशात वाया जातो. एलईडीचा प्रकाश मुळातच एका दिशेला जातो. नाशिकमध्ये बहुतेक रस्त्यांवर हा बदल झाला आहे आणि त्याबद्दल फार वाद उरलेला नाही.

वाहनांचा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. महापालिकेची ‘सिटीलिंक’ बससेवा 8 जुलै 2021 रोजी सुरू झाली, ती 250 बसगाड्यांच्या आराखड्यावर. त्यांतल्या 200 सीएनजीवर आणि 50 डिझेलवर चालणाऱ्या होत्या. सीएनजी म्हणजे बहुतांशी मिथेनच. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असल्याने जळताना काजळी जवळजवळ तयार होत नाही, आणि बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र सीएनजीतूनही बाहेर पडतात.

बसपेक्षाही माझे लक्ष घंटागाडीकडे जाते. ती दर वीस-पंचवीस मीटरवर थांबते, इंजिन चालू ठेवून उभी राहते, पुन्हा पहिल्या गिअरमध्ये सरकते. डिझेल इंजिनासाठी याहून वाईट काम नाही: इंधन जळत राहते, गाडी मात्र जागची हलत नाही, आणि धूर थेट बादली घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. विजेवर चालणाऱ्या गाडीसाठी हेच काम सोपे आहे. थांबलेली मोटार ऊर्जा घेत नाही आणि ब्रेक लावताना गतीचा काही भाग बॅटरीत परत जातो. शिवाय घंटागाडीचा मार्ग ठरलेला, अंतर मर्यादित आणि मुक्काम रोज एकाच ठिकाणी. वीज नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्रातून आली, तर तेथे कोळसा जळणारच, हा आक्षेप खरा आहे. एकलहरे केंद्रात 210 मेगावॅटचे तीन संच आहेत. तेथील राख पकडण्यासाठी धुराड्याआधी विद्युतस्थितिक गाळणी असते, गल्लीतल्या जुन्या टेम्पोला तशी काही सोय नसते. आणि घंटागाड्यांचे मुख्य काम सकाळी उरकत असल्याने त्या दुपारी, सौरऊर्जेचा वाटा सर्वाधिक असताना, भरून घेता येतात. विभागीय कार्यालयांच्या आणि शाळांच्या गच्च्यांवर सौर पॅनेल असतील, तर एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात.

आता धुळीकडे येऊ, कारण विजेच्या गाड्या आल्या की हवा स्वच्छ होईल, हा समज येथे अपुरा पडतो. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम 10 म्हणतात. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. भारतीय शहरांत या कणांचा मोठा वाटा रस्त्यावर आधीच पडलेल्या, चाकांखाली दळल्या गेलेल्या आणि पुन्हा उडालेल्या मातीचा असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा धुळीसाठी जे सूत्र दिले आहे, त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: रस्त्याच्या एका चौरस मीटरवर किती बारीक माती आहे आणि वरून जाणारी वाहने सरासरी किती जड आहेत. या दोन्हींच्या जवळजवळ प्रमाणात धूळ वाढते. वाहनात डिझेल आहे की बॅटरी, याला त्या सूत्रात स्थानच नाही, आणि बॅटरीमुळे बस तर थोडी जडच होते.

नाशिकच्या रस्त्यांवर ही माती येते कोठून? डांबराच्या कडेची उघडी साइडपट्टी, झाकण न घातलेले राडारोड्याचे डंपर, जलवाहिनी किंवा केबल टाकून नीट न बुजवलेले चर आणि दुभाजकात काठोकाठ भरलेली माती, जी पहिल्या पावसात वाहून रस्त्यावर येते. खराट्याने झाडताना यातली जाड माती गोळा होते, पण सर्वांत बारीक भाग हवेत उठतो. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा मातीचा कण सेकंदाला अर्धा ते पाऊण सेंटिमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला त्याला चार-पाच मिनिटे लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला सोळापट वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरे वाहन येऊन त्याला पुन्हा उडवते. या हवेत सर्वांत जास्त वेळ श्वास घेणारी व्यक्ती म्हणजे सफाई कर्मचारी.

जानेवारी 2019 मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. पीएम 10 चे वार्षिक प्रमाण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या खाली असावे, असे आपले मानक सांगते. ते सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिक आहे. महापालिकेने यांत्रिक झाडूची वाहने घेतली ती या पार्श्वभूमीवर. हे यंत्र पाण्याचा फवारा मारून धूळ दाबते आणि ती आत ओढून घेते, त्यामुळे द्वारका किंवा मुंबई नाका अशा रुंद रस्त्यांवर त्याचा उपयोग निश्चित आहे. जुन्या नाशिकातल्या अरुंद गल्ल्यांत ते शिरत नाही, आणि साइडपट्टी उघडीच राहिली, तर सकाळी उचललेली माती संध्याकाळपर्यंत परत येते. डांबर किंवा पेव्हर ब्लॉक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घालणे, जेथे ते शक्य नाही तेथे गवत लावणे आणि दुभाजकातली माती कठड्यापेक्षा वीतभर खाली ठेवणे ही कामे यंत्राच्या उद्घाटनाइतकी दिसत नाहीत, पण त्यांचा परिणाम टिकतो.

हिवाळ्यात हे सगळे अधिक जाचक होते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे आणि निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली की ती वर चढत नाही. वरच्या उबदार थराचे झाकण बसल्यासारखे होते आणि पहाटेचा सगळा धूर व धूळ त्याखाली अडकते. नेमक्या त्याच वेळी शेकोट्या आणि पालापाचोळ्याचे ढीग पेटतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून 5,000 रुपयांचा, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपयांचा दंड ठरवला. दंडाबरोबरच पालापाचोळा उचलणारी वेगळी गाडी प्रत्येक प्रभागात ठरावीक वारी आली, तर ढीग पेटवण्याचे कारणच उरत नाही.

राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात शहरांचे गुणांकन भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश अशा पाच भागांत होते आणि ऊर्जा अग्नीखाली येते. 2027 च्या सिंहस्थाची तयारी करताना हे भाग वेगळे ठेवणे नाशिकला परवडणारे नाही. मुख्य स्नाने पावसाळ्यात येतात, तेव्हा धूळ फारशी नसते. धुळीचा काळ त्याआधीचा, रस्ते आणि वाहिन्यांसाठी खोदकाम चालते तो. म्हणून चरातली माती त्याच दिवशी उचलण्याची आणि डंपर झाकण्याची अट कंत्राटातच, दंडासह असायला हवी. पर्वणीच्या दिवसांत मात्र अन्नछत्रांचे खरकटे, रामकुंडावरचे निर्माल्य आणि तात्पुरत्या शौचालयांचा मैला एकदम येईल. तो सगळा कुजवणीच्या टाकीत ओतता येणार नाही. अशा टाकीत कचरा साधारण तीन-चार आठवडे राहतो आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हळूहळूच वाढतात. खाद्य एकाएकी दुप्पट केले, तर टाकी आठवड्याभरात आंबेल आणि ती पूर्वपदावर यायला महिने लागतील. नव्या टाक्या बांधायच्या असतील, तर त्या निदान सहा महिने आधी चालू करून, जुन्या टाकीतले विरजण घालून, खाद्य दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत न्यावे लागेल. आणि क्षमतेपेक्षा जास्त येणारे निर्माल्य दोरी व प्लास्टिक काढून खतप्रकल्पाकडे वळवण्याची सोय स्नानाच्या आधीच उभी असावी लागेल.