ट्रॉलीवरचं पोर आणि अमेरिकेतल्या नोकऱ्या

1 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी कार्यालयानं जुलैचे रोजगाराचे आकडे जाहीर केले आणि सोबत आधीच्या दोन महिन्यांचे दुरुस्त केले. मे महिन्यातली नोकऱ्यांची वाढ 1 लाख 44 हजारांवरून 19 हजारांवर आली, जूनची 1 लाख 47 हजारांवरून 14 हजारांवर. अध्यक्ष ट्रम्प यांनी आकडे फिरवल्याचा आरोप केला, पुरावा दिला नाही आणि कार्यालयाच्या आयुक्त एरिका मॅकएन्टार्फर यांना त्याच दिवशी काढून टाकलं. "आकडा एवढा बदलला, म्हणजे आधीचा खोटाच होता," असं तेव्हा चांगली शिकलेली माणसंही म्हणत होती.

हे कार्यालय दरमहा सुमारे 1 लाख 21 हजार कंपन्या आणि सरकारी खात्यांना विचारतं, की 12 तारीख ज्या पगाराच्या कालावधीत येते त्यात किती माणसं पगारावर होती? सगळ्यांची उत्तरं वेळेत येत नाहीत. पहिला अंदाज हाती आलेल्या उत्तरांवर काढतात, उशिरा आलेली पुढच्या दोन महिन्यांत मिळवतात.

खरी गंमत वजाबाकीत आहे. नोकऱ्यांची वाढ म्हणजे या महिन्याच्या एकूण संख्येतून गेल्या महिन्याची वजा केलेली. वीस टन उसाची ट्रॉली काट्यावर घ्या. मग तिच्यावर चार-पाच वर्षांचं पोर बसवून पुन्हा घ्या आणि दोन वजनांच्या फरकावरून पोराचं वजन सांगा. मध्ये एखादी मोळी घसरली, की उत्तर चुकलं. अमेरिकेत पगारावर सुमारे 16 कोटी माणसं आहेत. मेची दुरुस्ती सव्वा लाखाची, म्हणजे त्यांच्या 0.08 टक्के. वीस टनांचे 0.08 टक्के काढा: 16 किलो. पोराचंच वजन!

शिवाय ऊस उन्हात सुकतो, तेही हिशेबात धरावं लागतं. जूनमध्ये तिकडच्या शाळा बंद होतात, असंख्य कर्मचारी पगारपटावरून उतरतात. दरवर्षीची ही अपेक्षित घट गणितानं बाजूला काढतात. शाळा जरा पुढेमागे बंद झाल्या तरी हिशेब हलतो. जूनच्या दुरुस्तीत सरकारी शिक्षण क्षेत्राचा वाटा मोठा होता, तो उगाच नाही. सगळ्यांना न विचारता नमुन्यावर भागवल्यामुळे आकडा सव्वा लाखापेक्षाही जास्त इकडेतिकडे होऊ शकतो, हे कार्यालय स्वतःच छापतं. पहिल्या आकड्यावर तासभर चर्चा रंगवणाऱ्या वाहिन्यांना ती ओळ दिसत नाही.

दुरुस्ती जाहीर करणं हाच प्रामाणिकपणा आहे. त्यासाठी नोकरी जाणार असेल, तर पुढच्या अधिकाऱ्याला खोटं बोलायचीही गरज नाही, दुरुस्ती टाळली की काम झालं.

आपल्याकडे अहवाल अडला होता. रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या 2017-18 च्या श्रमबल सर्वेक्षणाच्या अहवालाला राष्ट्रीय सांख्यिकी आयोगानं, म्हणजे सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, डिसेंबर 2018 मध्ये मान्यता दिली, तरी तो बाहेर येईना. जानेवारी 2019 मध्ये आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. 6.1 टक्के बेरोजगारीचा तो अहवाल 31 मे 2019 रोजी आला, लोकसभेचा निकाल लागल्यावर. सरकारी आकडेवारीत सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या रंगराजन आयोगानं 2001 मध्येच अशी देखरेखीची संस्था काढा आणि तिला कायद्याचा आधार द्या असं सुचवलं होतं. सांख्यिकी आयोग स्थापन झाला तो मात्र नुसत्या सरकारी ठरावानं.